फाळक्यावरची पंगत आणि खिशातला मटका

मंडळी, आज मला दोघांशी भांडायचं आहे. दोघेही घरचेच आणि दोघेही हे वाचणार, म्हणून नावं लिहीत नाही. एक माझे धाकटे दीर, साताऱ्याचे. दुसरा माझा भाचा, न्यू जर्सीतला.

दीर म्हणतात, "वहिनी, सहा सहा महिने अमेरिकेत राहून केलंत काय, तर गाड्यांच्या तळावर उभं राहून कणसं खाल्लीत! आणि तुमचे चिरंजीव चाळिशी उलटली तरी खोट्या खोट्या टीमा करून खेळतात. त्याचं कौतुक आम्हाला फोनवर सांगता."

भाचा म्हणतो, "मावशी, दादाची लीग आणि माझं ॲप, दोन्ही फॅन्टसीच. दादाच्या पंचवीस डॉलरकडे तू हसून बघतेस आणि माझ्यावर डोळे वटारतेस. हा सरळसरळ पक्षपात आहे."

बघायला गेलं तर दोघांची मतं एकमेकांच्या उलट. पण घोळ एकच. दोघेही सगळं एकाच पोत्यात भरतात. दिरांच्या लेखी सगळाच खुळेपणा, भाच्याच्या लेखी सगळीच मजा. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांतला फरक पोरांना समजावणं हा आमचा धंदाच होता. तेव्हा आज तेच करते.

माझं म्हणणं एवढंच की अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाला दोन प्रकारच्या गोष्टी चिकटलेल्या आहेत. एक आहे भिशी. दुसरा आहे मटका. दोन्हींत पैसे असतात, दोन्हींत आकडे असतात, दोन्हींत उत्सुकता असते. म्हणून ते एकच होत नाहीत.

ज्यांना या खेळाची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. (दीर, हे तुमच्यासाठी.) हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचा, फेकायचा, झेलायचा आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं, असा तो धसमुसळा खेळ. एनएफएल या त्यांच्या मोठ्या लीगमध्ये ३२ संघ आहेत. सप्टेंबरात मोसम सुरू होतो आणि फेब्रुवारीत सुपर बोलनं संपतो. २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो. त्यातले स्वतःच्या मैदानावर फक्त आठ किंवा नऊ! म्हणजे गावातल्या माणसांना आपला संघ आपल्या गावात बघायची संधी वर्षातून आठ-नऊ वेळा. आपल्याकडे जत्रेचं महत्त्व का असतं? रोज नसते म्हणून. तसंच हे.

आता टेलगेटिंग. टेलगेट म्हणजे गाडीचा मागचा फाळका. सामन्याच्या चार-पाच तास आधी स्टेडियमच्या तळावर गाडी लावायची, फाळका पाडायचा, त्यावर भांडी-ताटल्या मांडायच्या, शेजारी शेगडी पेटवायची आणि सगळ्यांनी मिळून खायचं-प्यायचं. एवढंच आहे ते. याची सुरुवात कुठून झाली यावर तिथं वाद चालतात. कोणी १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत झालेल्या पहिल्या सामन्याकडे बोट दाखवतात. कोणी तर थेट १८६१ च्या बुल रनच्या लढाईपर्यंत मागे जातात. ती लढाई बघायला वॉशिंग्टनहून लोक खाण्याच्या टोपल्या घेऊन गेले होते, हे मात्र खरं आहे. लढाई बघायला टोपल्या! इतिहासाच्या शिक्षिकेला यावर बरंच बोलता येईल, पण ते पुन्हा कधीतरी.

माझा मुलगा विस्कॉन्सिन राज्यात राहतो, ग्रीन बे या गावापासून पाऊण तासावर. म्हणून मी दोन मोसम तिथल्या लोकांत काढले. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव आणि स्टेडियममध्ये खुर्च्या ८१ हजारांहून जास्त! हंगामी तिकिटांची प्रतीक्षायादी लाखाच्या वर नावांची. आजोबांनी नाव घालायचं आणि नातवाला तिकीट मिळायचं, असं तिथं चेष्टेनं म्हणतात. या संघाला, म्हणजे पॅकर्सना, मालक नाही. १९२३ पासून तो गावाचाच आहे. पाच लाखांहून जास्त लोकांकडे त्याचे शेअर आहेत. त्यावर लाभांश मिळत नाही, नफ्यानं विकता येत नाहीत. तरी लोक घेतात आणि भिंतीवर फ्रेम करून लावतात. दीर, तुम्ही सहकारी बँकेत आयुष्य घालवलंत. सहकार काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

लॅम्बो फील्ड हे त्यांचं मैदान १९५७ पासून आहे आणि ते वस्तीच्या मधोमध आहे. आजूबाजूची घरं साधी, मध्यमवर्गी. सामन्याच्या दिवशी घरवाले आपापल्या अंगणात गाड्या लावू देतात आणि त्याचे पैसे घेतात. आम्ही अशाच एका अंगणात जायचो. घरची मालकीण माझ्याच वयाची. आम्हा सगळ्यांना मिळून दोनच तिकिटं, ती मुलगा आणि सून घेऊन जायची. मी अंगणातच थांबायची. तिथं टीव्ही बाहेर काढलेला असायचा आणि तिकीट नसलेले वीस-पंचवीस जण तरी असायचे. आत ओरडा झाला की आम्हाला तो आधी ऐकू यायचा आणि टीव्हीवर काही सेकंदांनी दिसायचं. काय होणार ते आधी कानाला कळायचं, मग डोळ्यांना. मला तर तेच जास्त आवडायचं.

तिथल्या लोकांचं मुख्य खाणं ब्रॅटवर्स्ट, जर्मन पद्धतीचं सॉसेज. आमचं ते नाही. सप्टेंबरात विस्कॉन्सिनची कणसं ऐन भरात असतात. ती निखाऱ्यावर भाजून, तिखट-मीठ-लिंबू चोळून मी पहिल्यांदा वाटली तेव्हा बारा होती. पुढच्या वेळी चाळीस नेली आणि घरी एकही आलं नाही. ताजं चीज दाताखाली चुंईचुंई वाजतं हे मला तिथं कळलं. डोक्यावर चीजच्या फोडीसारखी पिवळी फोमची टोपी घालून बसलेल्या एका निवृत्त पोस्टमनकडून मी या खेळाचे नियम शिकले. तो चांगला शिक्षक होता. चूक झाली तरी रागवायचा नाही.

दीर म्हणतील, यात खेळ कुठं आला? भाऊजी, पंढरीला जाताना वाटेत जेवतात त्यात विठोबा कुठं आला? कुस्तीच्या फडाला जाताना तुम्ही भाकरीचं गाठोडं घेऊन जात होता, त्यात कुस्ती कुठं होती? माणूस एकटा खेळ बघत नाही. निदान बघू नये. पूर्वी कसोटी सामन्याला लोक डबे घेऊन जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत अनोळखी माणसाला पोळी-भाजी पुढं करायचे. आज आपल्याकडच्या बऱ्याच स्टेडियमांत बाहेरचा डबा नेऊ देत नाहीत. आत दुप्पट-तिप्पट भावात वडापाव घ्यायचा. मग सांगा, खुळे कोण? गाडीच्या फाळक्यावर शेजाऱ्याला वाढणारे, की डबा दारात टाकून आत जाणारे?

एकांगी लिहायची सवय मला नाही, म्हणून दोषही सांगते. टेलगेटिंगमध्ये दारू असते आणि पुष्कळ असते. बफेलोचे काही पाठीराखे घडीच्या टेबलांवर उड्या मारून ती मोडतात आणि त्यालाच भक्ती समजतात. पिऊन गाडी चालवत घरी जाणारे असतात, ते तर अक्षम्यच. शिवाय हल्ली कंपन्या तयार मंडप, तयार जेवण असं पॅकेज विकतात. पैसे भरा, मनगटाला पट्टी बांधा आणि अनोळखी लोकांत अनोळखीच राहून जेवा. ते मला पंगतीपेक्षा मंगल कार्यालयातल्या बुफेसारखं वाटतं. पण गणपतीत डीजे वाजतो म्हणून आपण गणपती बसवायचा थांबवतो का? सुक्याबरोबर ओलं जाळू नये, एवढंच म्हणते.

आता फॅन्टसी लीग. इथं भाच्याकडे वळते.

ही कल्पना १९६२ सालची. बिल विंकनबाक हे ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार. त्यांनी दोघा सोबत्यांसह संघाच्या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून हा खेळ रचला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये ओकलंडला त्यांच्या घराच्या तळघरात आठ संघांची पहिली निवड झाली. प्रत्येकानं खऱ्या संघांमधले खेळाडू एकेक करून आपल्या कल्पित संघासाठी मागून घ्यायचे आणि ते खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात काय करतात त्यावर गुण मोजायचे. तेव्हा हे सगळं कागद-पेन्सिलीवर आणि सोमवारच्या वर्तमानपत्रावर चालायचं.

आजही मूळ रीत तीच आहे. मुलाच्या लीगमध्ये बारा जण. ऑगस्टअखेरीस निवड होते. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि तो सापासारखा वळतो. पहिल्या फेरीत १ ते १२, दुसऱ्या फेरीत १२ ते १. म्हणजे ज्याला पहिला खेळाडू शेवटी मिळाला त्याला दुसरा सगळ्यांच्या आधी. किती न्याय्य आहे बघा! शाळेत खेळाचे संघ पाडताना मला ही युक्ती ठाऊक असती तर निम्मी भांडणं वाचली असती. धावत दहा यार्ड गेले की एक गुण, पळून किंवा झेलून टचडाउन केला की सहा. चेंडू फेकणाऱ्याला सहसा पंचवीस यार्डांना एक आणि टचडाउनला चार. पण हे आकडे प्रत्येक लीग आपापल्या पद्धतीनं ठरवते आणि त्यावरून आधी महिनाभर कडाक्याची भांडणं होतात.

या बारा जणांतले नऊ एकाच कंपनीत एकाच वेळी लागलेले. आता कोणी सिअॅटलला, कोणी डॅलसला. एक तर पुण्याला परत आलाय. ग्रीन बेचा दुपारी बाराचा सामना त्याला बाणेरला रात्री साडेदहाला दिसतो (नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेली की साडेअकराला). सोमवारी सकाळी तो डोळे चोळत ऑफिसला जातो, पण लीग सोडत नाही. का? मी त्याला विचारलं. म्हणाला, "काकू, नाहीतर आम्ही कशाला बोललो असतो? वाढदिवसाला एक मेसेज आणि संपलं."

हेच ते. मंडळी, आपली भिशी यापेक्षा काय वेगळी असते? आम्ही शिक्षिका दर महिन्याला शंभर शंभर रुपये काढायचो. ते पैसे काही कोणाला श्रीमंत करणारे नव्हते. पण शंभर रुपये दिलेत म्हणून यावं लागायचं. आणि आलं की पोहे असायचे, कोणाच्या सासूचं दुखणं असायचं, कोणाच्या मुलीचं स्थळ असायचं. भिशीतला पैसा म्हणजे दोरा. फुलं वेगळी.

मुलाच्या लीगमध्ये प्रत्येकी पंचवीस डॉलर. बारा गुणिले पंचवीस, तीनशे. मोसमाच्या शेवटी बक्षीस म्हणून वाटले जातात किती? तीनशे. एक सेंटही बाहेर जात नाही. वही सगळ्यांना दिसते. कोण जिंकलं, कोण हरलं, कोणी मूर्खासारखा खेळाडू बदलला, सगळं उघड. जो शेवटचा येतो त्याला शिक्षा असते. एका वर्षी शिकागोच्या माणसाला आमच्या पॅकर्सचा सदरा घालून ऑफिसला जावं लागलं. शिकागो आणि ग्रीन बे यांचं वैर १९२१ पासूनचं, तेव्हा ती शिक्षा केवढी ते समजा.

आणि आता जे सांगते ते नीट वाच रे बाबा.

२ जानेवारी २०२३, सोमवारची रात्र. बफेलो आणि सिनसिनाटीचा सामना. बफेलोचा डॅमर हॅमलिन, २४ वर्षांचा पोरगा, समोरच्याला अडवून उठला आणि कोसळला. हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच त्याच्या छातीवर दाब देऊन ते सुरू केलं गेलं. सामना थांबवला आणि पुढे रद्दच केला. त्या आठवड्यात देशभरातल्या बहुतेक फॅन्टसी लीगांची अंतिम फेरी होती आणि या सामन्यातल्या खेळाडूंवर पुष्कळांचं विजेतेपद अडकलेलं होतं. मुलाच्या लीगमध्येही. दोन अंतिम स्पर्धकांनी एकमेकांना फोन केला, म्हणाले, "वाटून घेऊ." विषय संपला. मग बाराही जण हॅमलिनच्या बातमीसाठी रात्रभर जागे राहिले. कित्येक लीगांनी असंच केलं. हॅमलिननं लहान मुलांच्या खेळण्यांसाठी एक निधी उभारला होता. त्यात लोकांनी ऐंशी लाख डॉलरहून जास्त पैसे टाकले. तो पोरगा वाचला आणि पुढच्या मोसमात परत मैदानावर आला, हे सगळ्यात छान.

भिशीत हे शक्य आहे, कारण समोर माणूस असतो. "जाऊ दे, वाटून घेऊ" म्हणता येतं. मटक्यात कोणाला म्हणणार? तिथं पलीकडे माणूस नसतोच, गल्ला असतो.

भाच्याच्या खिशात तो गल्ला आहे. आधी तोही मुलाच्या लीगमध्ये होता, बारावा. तीन वर्षांपूर्वी सोडून गेला. म्हणाला, "अख्ख्या मोसमाला पंचवीस डॉलर, दादा, झोप येते." आता तो दर रविवारी रोजच्या रोजची फॅन्टसी खेळतो आणि पैजा लावतो. सामना कोण जिंकणार यावरच नाही, अमुक खेळाडू पहिल्या अर्ध्यात किती यार्ड पळेल यावरसुद्धा. मागच्या वर्षी मी त्याच्याकडे आठवडाभर होते. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा शेजारी बसून सामना बघत होता, जायंट्सनी सुंदर झेल घेतला, मुलगा उडी मारून बापाकडे वळला. बाप फोनकडे बघत होता. तो झेल त्याला नको होता, कारण त्याची पैज दुसऱ्याच खेळाडूवर होती. स्वतःच्या संघानं टचडाउन केला आणि हा वैतागला! मला सांगा, याला पाठीराखा म्हणायचं?

तो म्हणतो, मावशी, पैज लावली की सामना रंगतो. अरे, मीठ घातलं की जेवण रुचकर होतं हे खरं. पण पानात नुसतं मीठच वाढलं तर?

तो म्हणतो, हा कौशल्याचा खेळ आहे. मान्य! आणि म्हणूनच तू हरणार. कौशल्य ज्यांच्याकडे आहे ते संगणक लावून शेकडो संघ एका वेळी उतरवतात. २०१५ साली मॅकिन्सीनं बेसबॉलच्या रोजच्या फॅन्टसीचा हिशेब मांडला. खेळणाऱ्यांतल्या १.३ टक्के लोकांनी नफ्यातला ९१ टक्के वाटा नेला होता. उरलेले ९८.७ टक्के कोण? तुझ्यासारखे कौशल्यवान.

आणि पैजेचं गणित तर सातवीतल्या मुलालाही समजेल. साध्या पैजेत शंभर डॉलर जिंकायचे तर एकशे दहा लावावे लागतात. म्हणजे निम्म्या पैजा जिंकलास तरी तू तोट्यात. नुसतं बरोबरीत राहायला शंभरातल्या जवळपास साडेबावन्न जिंकाव्या लागतात. आता जाहिरातीत ज्याचा गाजावाजा असतो ते पार्ले घे, चार गोष्टी एकदम बरोबर यायला हव्यात. प्रत्येकीची शक्यता निम्मी धरली तर चारही जुळायची शक्यता सोळांत एक. दहा डॉलरला न्यायानं एकशे साठ मिळायला हवेत. त्याच एकशे दहाच्या दरानं मिळतात सुमारे एकशे तेहेतीस. सत्तावीस डॉलर मधल्या मधे गेले, म्हणजे जवळजवळ सतरा टक्के! बारा जणांच्या लीगमध्ये कापणी शून्य, इथं सतरा टक्के, आणि तू म्हणतोस दोन्ही सारखंच.

मटका हा शब्द मी उगाच वापरत नाही. मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडा लावला जायचा. तिथून भाव येणं थांबल्यावर १९६२ साली कल्याणजी भगतनं वरळीला मटका सुरू केला. म्हणजे बघा, ज्या वर्षी न्यूयॉर्कच्या हॉटेलात फॅन्टसीची भिशी जन्माला आली, त्याच वर्षी वरळीत मटका. गिरणगावातल्या किती पगारांची माती झाली हे त्या पिढीतल्या बायका सांगतील. त्या मटक्याला निदान लपून राहावं लागायचं, अड्ड्यावर जावं लागायचं, कोणी बघेल अशी लाज असायची. हा खिशात असतो. अंथरुणात असतो. देवघरासमोर बसलं तरी असतो.

आता या खेळाचा कारभार बघणाऱ्यांचं ढोंग बघा. १९६३ साली, विंकनबाक यांच्या तळघरात निवड झाली त्याच वर्षी, एनएफएलनं ग्रीन बेचा पॉल हॉर्नंग आणि डेट्रॉइटचा ॲलेक्स कॅरस या दोन नामवंत खेळाडूंना पैजा लावल्याबद्दल एका मोसमासाठी बाहेर काढलं. चांगलं केलं. पुढे न्यू जर्सी राज्यानं पैजांना परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा २०१२ मध्ये हीच एनएफएल इतर संघटनांबरोबर कोर्टात गेली. खेळाची शुचिता धोक्यात येईल, असं यांचं म्हणणं होतं. मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल न्यू जर्सीच्या बाजूनं लागला. मग तीसहून जास्त राज्यांत पैजांची दारं उघडली. आणि शुचितेचं काय झालं? एप्रिल २०२१ मध्ये एनएफएलनं तीन पैजवाल्या कंपन्यांना आपले अधिकृत भागीदार करून घेतलं. मार्च २०२२ मध्ये कॅल्विन रिडली या खेळाडूला सुमारे दीड हजार डॉलरच्या पैजा लावल्या म्हणून वर्षभर घरी बसवलं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोल भरवली लास वेगासला! खेळाडूनं लावली तर पाप, प्रेक्षकानं लावली तर भागीदारी. खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे असतात, ते हे असे.

आपल्याकडेही हेच चाललं होतं. पैसे लावून खेळायच्या फॅन्टसी क्रिकेटच्या जाहिराती आयपीएलच्या दोन षटकांच्या मधे किती लागायच्या! ड्रीम११ चं नाव तर २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांच्या स्पर्धा बंद पडल्या. कौशल्य की नशीब, हा वर्षानुवर्षांचा वाद त्या कायद्यानं बाजूला ठेवला आणि एकच विचारलं, यात पैसे लावले जातात का? सरसकट बंदीनं सगळं सुटतं असं मी मानत नाही, आकडा लावणारा चोरवाटा शोधतोच. पण प्रश्न तरी नेमका विचारला गेला. मी त्यात आणखी एक घालीन. हरलेला पैसा जातो कुठं? मित्राच्या खिशात गेला तर पुढच्या वर्षी तो परत जिंकता येतो. कंपनीकडे गेलेला परत येत नाही.

भाचा शेवटी म्हणतो, माझे पैसे, माझी मर्जी. खरं आहे, तू चाळीस वर्षांचा आहेस आणि कमावता आहेस. मी फक्त एक विचारते. दादाला त्याच्या लीगचा हिशेब विचारला की तो हसत हसत सांगतो. तेरा वर्षांत एकदा पहिला, दोनदा शेवटचा. तुला हिशेब विचारला की तू विषय बदलतोस. यंदाची भारताची फेरी का पुढं ढकललीस, हे विचारलं तेव्हाही बदललास. ज्या गमतीचा हिशेब घरच्यांना सांगता येत नाही ती कसली गंमत? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. घरच्यांनी तोंड फिरवल्याचं दुःख त्यातही आहे. इतकी जुनी गोष्ट आहे ही. फासे बदलले, फोन आला, एवढाच फरक.

तेव्हा भाऊजी, सप्टेंबरात तुम्ही मुलीकडे शिकागोला जाताय असं ऐकलं. ग्रीन बे तिथून मोटारीनं साडेतीन तासांवर आहे. तिकीट नसलं तरी चालतं. त्या अंगणात जा, माझं नाव सांगा, कणसं भाजा. स्वेटर मात्र दोन न्या. तिथं ३१ डिसेंबर १९६७ ला उणे पंचवीस अंश सेल्सिअसमध्ये लोक उघड्यावर बसून सामना बघत होते. त्यांची नातवंडं तुम्हाला थंडीबद्दल कुरकुर करू देणार नाहीत.

आणि तू. मुलाच्या लीगमध्ये बारावी जागा तुझी होती. तुझ्यानंतर तिथं दोन जण आले आणि गेले. यंदा ती रिकामी आहे, मी त्याला विचारून ठेवलंय. निवड ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आहे. पंचवीस डॉलर लागतील. फोनमधलं ते दुसरं काढून टाक आणि ये. पहिल्याच वर्षी शेवटचा आलास तर शिक्षा होईल आणि बाराही जण हसतील. हसू देत. ते तुझ्या समोर बसून हसतील.